डावा कान सरकारी

बंदुकीचा बार उडतो तेव्हा तो सगळ्यांत आधी कुणाला लागतो, सांगाल?

समोरच्याला, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते, आणि मोठ्या आवाजात म्हणत होते. पण गोळी समोर पोचायच्या आत तिचा आवाज चाप ओढणाऱ्याच्या कानात शिरलेला असतो. त्याच्या शेजारी जो उभा असेल त्याच्याही. समोर कुणी नसलं, नुसता मातीचा बांध असला, तरी हे कान तिथे असतातच.

शेजारी उभे असायचे ते माझे बाबा. सरकारी खात्यात शस्त्रांची तपासणी हे त्यांचं काम. तयार झालेली बंदूक लष्कराकडे जाण्याआधी गोळीबाराच्या रेंजवर उडवून बघायची, नळी तपासायची, पुन्हा उडवायची. खात्याचं नाव मी लिहिणार नाही. बाबांनीही ते कधी सांगितलं नाही. पूजेची वर्गणी मागायला आलेल्या पोरांनी विचारलं तरी ‘सेंट्रल गव्हर्नमेंट’ एवढंच उत्तर. मूळचे आम्ही सांगलीकडचे. बाबांची बदली कोलकात्याला झाली, आईनं बँकेत खटपट करून आपलीही इथे करून घेतली, आणि मी नीट चालायला लागायच्या आत आम्ही बेहालाला राहायला आलो. परत जायचं दरवर्षी ठरायचं. राहून गेलं.

आमच्या घरात बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. जेवायच्या टेबलाशी भिंत डाव्या हाताला येईल अशा बेतानं बाबा बसत. त्यांच्या उजवीकडे आई, समोर मी. रस्त्यानं चालताना मी त्यांच्या उजव्या बाजूला. ऑटोत ते नेहमी शेवटी चढत, म्हणजे आम्ही दोघी आपोआप उजवीकडे सरकत असू. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या वडिलांना अशी एक बाजू असते.

त्याचं कारण कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. रेंजवर कान झाकायला इअरमफ असतात, हेडफोनसारखे दिसणारे. कपाटभर असतात. पण तिथले हुकूम तोंडी. ‘फायर’ आणि ‘थांबा’, दोन्ही ओरडून. दोन्ही कान झाकले तर ‘थांबा’ ऐकू येणार नाही, आणि ‘थांबा’ ऐकू न येण्यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. म्हणून नवा माणूस आला की जुना त्याला पहिल्याच दिवशी शिकवतो: उजवा झाक, डावा उघडा ठेव. इअरमफची एक वाटी कानावर आणि दुसरी मागे डोक्यावर सरकवलेली, अशीच सगळी माणसं तिथे दिसतात. ‘डावा कान सरकारी, उजवा घरचा’ असं तिथे हसत म्हणतात. बाबांनी ते मराठीत करून घरी आणलं होतं.

“म्हणजे तो कान तुम्ही त्यांना देऊन टाकलात?” मी विचारलं.

“मग पगार काय उगाच देतात?”

“आणि तुमची युनियन?”

“युनियनलासुद्धा उजवीकडूनच बोलावं लागतं,” बाबा म्हणाले आणि आमटीतली मिरची शोधून बाजूला काढायला लागले.

असे प्रश्न विचारायची खोड मला आईनं लावली. बँकेच्या युनियनची पत्रकं आमच्या घरी यायची. रविवारी दुपारी फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि आम्ही मायलेकी घड्या घालत बसायचो. शाई ओली असायची, माझ्या फ्रॉकला लागायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आधी निषेध, मग कारणं, मग मागण्या, शेवटी आवाहन. परीकथेतली राजकन्या सुखानं नांदू लागली की मला ती गोष्ट अर्धी सोडल्यासारखी वाटायची. हिची मागणी काय, ते लिहिलेलंच नसायचं.

कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहू लागले. बंगालीत लिहायचे, इंग्रजीत लिहायचे, हिंदीत घोषणा. मराठी घरापुरती, आणि तीही अर्धीमुर्धी. “आमची कन्या तीन भाषांत निषेध करते,” बाबा पाहुण्यांना सांगायचे, “पण मराठीत तिला भोपळा मागता येत नाही.” ते खरं होतं. मी भोपळ्याला ‘कुमडो’ म्हणत असे, आणि आईही कंटाळून तेच म्हणायला लागली होती.

अशा घरात सप्रेसरचा विषय निघाला. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या एका रायफलीला आजवर सप्रेसर नव्हता. तिच्यासाठी पहिला निवडायचा होता. आलेले नमुने तपासायच्या समितीत बाबांना घेतलं होतं.

“सप्रेसर म्हणजे सायलेन्सरच ना?” मी विचारलं.

“तो सिनेमातला. खरी बंदूक गप्प बसत नसते. एरवी ओरडते तेवढी ओरडत नाही, इतकंच.”

आईच्या कुकरची शिट्टी झाली. बाबांनी तिकडे हात केला. “ती वाफ एकदम सुटते म्हणून किंचाळते. तिला आधी चार खोल्यांतून फिरवून आणली, दमवली, तर दारातून बाहेर पडेपर्यंत मवाळ होईल. नळीच्या तोंडाशी लावायचा तो डबा म्हणजे त्या खोल्या.”

“म्हणजे कुणी मारलं ते कळू नये.”

“म्हणजे उडवणाऱ्याचे कान राहावेत.”

“बाबा, हे तुमच्या मनातलं झालं. ज्यांनी डबा मागितलाय त्यांनी तो कशासाठी मागितलाय?”

बाबांनी पोळी मोडली. “ते मला सांगता येत नाही.”

“सांगितलंत की आत्ता.”

“हिला जरा भात वाढ गं,” ते आईला म्हणाले. “तोंड भरलेलं राहील.”

त्या सुमारास मी शस्त्रखरेदीवर एक पत्रक लिहिलं. त्यात बाबांच्या कामाचा उल्लेख नव्हता, पण ते टेबलावर ठेवताना मला माहीत होतं की ते वाचणार. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. “यात काही खोटं नाही,” म्हणाले. “पण यातल्या एकाही माणसाला कान नाहीत.”

ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही. कमी आवाजाची बंदूक ही बंदूकच असते आणि ती कुणावर रोखली जाते हा प्रश्न तसाच राहतो, हे मी आजही लिहीन. पण बाबांचं ते वाक्य मी त्याच पत्रकाच्या मागे लिहून ठेवलं.

तोवर बाबांचा डावा कान पुरता गेला होता. घरात आम्हाला माहीत होतं, ऑफिसात नव्हतं. जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो होतो. डॉक्टर वयस्कर होते, घाई नसलेले. त्यांनी डाव्या कानाबद्दल फारसं काही सांगितलंच नाही. उजव्यावर मात्र बोट ठेवून म्हणाले, हा उरलाय तेवढा सांभाळा, आता रेंजवर पाऊल टाकू नका. बाबांनी विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

घरी आल्यावर आईनं पिशवीही खाली ठेवली नाही. “अहो, सांगून टाका त्यांना. चिठ्ठी द्या डॉक्टरांची. तुमच्या जागी दुसरा कुणी जाईल.”

“दुसरा जाईल तो लांबून ऐकेल. आणि लांबून जो बरा वाटतो तोच निवडेल.”

“निवडू दे.”

“मग पुढं कितीतरी वर्षं पोरं तोच लावून उडवतील.”

“कुणाची पोरं?”

“असतील ना कुणाची तरी,” बाबा म्हणाले.

मी आईच्या बाजूनं होते. तत्त्व म्हणूनही, आणि मला माझे बाबा हवे होते म्हणूनही. आम्ही दोघी मिळून त्यांच्याशी भांडलो. घरातल्या दोन्ही पुढारी एका बाजूला झाल्यावर बाबांचा निभाव लागायचा नाही, असा आमचा अनुभव होता. त्या वेळी लागला.

जेवताना ते तुकड्यातुकड्यांनी सांगत, कंपन्यांची नावं आणि आकडे वगळून. खरी निवड दोनच नमुन्यांत उरली होती. एक लांबट होता. समोरून, दुरून ऐकलं तर बार कुठून आला ते कळू नये इतका चांगला. पण तो धूर आणि वायू पुढून अडवायचा आणि ते सगळं रायफलीच्या मागच्या बाजूनं उडवणाऱ्याच्या तोंडावर यायचं. डोळे चुरचुरायचे, आणि कानाशी आवाज जेवढा कमी व्हायला हवा तेवढा होत नसे. दुसरा आखूड. दुरून त्याचा आवाज जास्त यायचा, पण उडवणाऱ्याच्या गालाशी तो शांत होता. मोजायची यंत्रं ठेवायची होती दूर, समोरच्या बाजूला. तसं कागदावर ठरलेलं होतं. एक यंत्र उडवणाऱ्याच्या कानाशीही ठेवा, असं बाबांनी सुचवलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, “साहेब, आपल्या निकषांत कान नाहीत.”

मग बाबांनी विचारलं, मी स्वतः तिथे उभा राहून माझा अभिप्राय दिला तर चालेल का. त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या सकाळी काय झालं ते बाबांनी आम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. हिवाळा होता, नदीवरून धुकं येत होतं, ते हटेपर्यंत सगळे चहा पीत थांबले. मग कपाटातून इअरमफ निघाले. बाबांनी नेहमीसारखा उजवा कान झाकला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आता कसलाच आवाज येत नाही. हुकूम येणार नाही. दोन नमुन्यांतला फरकही कळणार नाही. ज्या कानानं ऐकायची तिथली रीत होती, तो कान केव्हाच संपला होता. त्यांनी इअरमफ काढले, उलटे केले, आणि डावा झाकून उजवा उघडा ठेवला.

“कुणी काही म्हणालं नाही?” आईनं विचारलं.

“काय म्हणणार? एक कान झाकलेला, एक उघडा. सगळ्यांचं तसंच होतं.”

आधी उघड्या नळीचे बार. मग लांबट नमुना. मग आखूड. मग तुलनेसाठी पुन्हा उघडी नळी. बाबा उडवणाऱ्याच्या खांद्याशी, हातभर अंतरावर उभे होते. घरचा कान उघडा ठेवून.

ते परत आले तेव्हा दार मी उघडलं. ते आत गेले, हात धुतले, बाहेर येऊन खुर्चीत बसले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, चहा टाकू का? मोरीतला नळ वाहत होता. आमच्याकडे नळ वाहता ठेवलेला बाबांना कधी खपला नाही. टपटपला तरी ते उठायचे. मी जाऊन नळ बंद केला. आईनं पुन्हा विचारलं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “आखूडच चांगला. शंकाच नाही.” ते आपल्या समजुतीनं हळू बोलले होते. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, आणि तिथल्या शेजारणीनं काय झालं म्हणून डोकावून पाहिलं.

डॉक्टरांनी औषधं दिली. उजव्या कानाचं थोडं परत आलं, आणि तिथेच थांबलं. मग यंत्र आलं, कानात बसवायचं. त्यानं आवाज मोठा होतो, शब्द मोठा होत नाही. भांडी वाजलेली त्यांना कळतात. समोरचा काय म्हणाला ते कळत नाही.

मग एकेक भाषा गेली. आधी फोनवरची इंग्रजी गेली. मग बंगाली: मासळीवाल्याशी घासाघीस करणं त्यांनी सोडून दिलं, नुसतं बोट दाखवून आणू लागले. मग हिंदी. मराठी तेवढी टिकली, कारण ती त्यांना पुरती ऐकावी लागत नाही. अर्धं वाक्य ओठांवर दिसलं की उरलेलं ते आपल्या पदरचं घालतात. आई पाठमोरी नसली तर त्यांचं संभाषण अजून जवळजवळ पूर्वीसारखं चालतं. त्यांचं भांडणसुद्धा.

माझं बोलणं मात्र त्यांना कळेना. मी मराठीत बोलायचे, ते माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायचे, आणि मग त्यांची नजर हळूच आईकडे वळायची. आई तेच वाक्य पुन्हा म्हणायची. त्यांना कळायचं.

“मी तेच म्हणाले होते,” मी एकदा चिडून आईला म्हटलं.

बाबांनी ते कसं कोण जाणे टिपलं. “तुझे ओठ बंगाली आहेत गं,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. बाहेर ढग आलेत असं सांगावं तसं.

ज्या मुलीनं चौकात उभं राहून तीन भाषांत भाषणं केली, तिला स्वतःच्या वडिलांशी बोलायला दुभाष्या लागत होता. मी आरशासमोर उभी राहून मराठी बोलू लागले. सावकाश, आईसारखं तोंड उघडून. संध्याकाळी बाबांसमोर बसून काहीतरी वाचून दाखवायचे. ते लगेच “कळलं” म्हणाले की मी ओळखायचे, कळलेलं नाही. खरंच कळतं तेव्हा ते थोडे थांबतात आणि मग वाद घालतात.

पुढं एके दिवशी ऑफिसातून बातमी आली. सप्रेसरची सगळी प्रक्रिया रद्द झाली होती. काय कारण, ते बाबांनाही कळवलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून होणार होतं, जुन्याच निकषांवर, आणि तोवर बाबा निवृत्त झालेले असणार होते. त्यांनी हे जेवताना सांगितलं.

“मग तुमचा अभिप्राय?” आईनं विचारलं.

“असेल कुठंतरी.” ते थोडं हसले. “चांगला अभिप्राय होता.”

आई उठली, त्यांच्या उजवीकडून फिरून डावीकडे गेली, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत उभी राहिली आणि तिथून तिनं त्यांना भात वाढला. इतक्या वर्षांत त्या बाजूनं कुणी वाढलं नव्हतं. मग आपल्या जागी येऊन बसली. ती अजूनही त्यांच्या उजवीकडेच बसते. आता त्याला काही अर्थ नाही.

निवृत्तीनंतर मी त्यांना सुट्टीच्या दिवशी फिरायला नेते. बेहालाहून नव्या मेट्रोनं माझेरहाट, तिथून बस, आणि मग फोर्ट विल्यमच्या बाहेरच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात तिथे गवतात बसायचं. असंच एकदा मेट्रोत आम्ही दाराशी उभे होतो. स्टेशन आलं, माणसं चढली-उतरली, आणि दार बंद व्हायच्या आधी नेहमीसारखा पीं पीं आवाज झाला. दारावरचा दिवा लुकलुकला. बाबा त्या दिव्याकडे बघत होते. पुढच्या स्टेशनलाही बघत राहिले.

“या दाराला आमच्यापेक्षा अक्कल आहे,” ते म्हणाले.

“कशी?”

माझा तो एक शब्द त्यांना पहिल्या झटक्यात कळला. “ओरडतंही, आणि दिवाही दाखवतं. एखाद्याला ऐकू येत नसेल, हे त्याला माहीत आहे. आम्ही नुसतेच ओरडत राहिलो.”

मी त्यांच्यासमोर येऊन, तोंड नीट उघडून म्हटलं, “एक लाल दिवा, बाबा?”

“एक लाल दिवा. पेटला की थांबायचं.” त्यांनी दोन्ही तळहात उचलून दोन्ही कानांवर ठेवले, इअरमफ घालावेत तसे. “दोन्ही झाकता आले असते.”

ते हात खाली घेईनात. समोर बसलेली एक बाई आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की गाडीच्या आवाजाचा यांना त्रास होतोय. मी बाबांचे हात धरून खाली आणले. ते रडत नव्हते. मीच रडत होते, आणि तोंड वेडंवाकडं झाल्यामुळे मी काय म्हणतेय ते त्यांना वाचता येत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, काय म्हणालीस? काय म्हणालीस गं?

मराठीत लिहिलेलं हे माझं पहिलं. आईनं भोपळ्यापासून सगळं तपासून दिलं. बाबांनी वाचलं, वाचायला त्यांना कुठलीच अडचण नाही. तरी कागद परत देत म्हणाले, “आता तोंडानं वाच.” मी त्यांच्यासमोर बसून वाचलं. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी हात वर करून मला थांबवलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उडवणाऱ्याला आधी लागतो हे बरोबर. पण ‘थांबा’ म्हणणारा त्याच्या मागं उभा असतो, त्यालाही लागतो. त्याला विसरू नकोस.” म्हणजे कळलं होतं.

मागणी एकच आहे. तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल, यंत्रमागावर, रिव्हेट ठोकण्याच्या कामावर, खाणीत, रेंजवर जाणारं, ज्याच्या एकाच बाजूला बसायची तुम्हाला न कळत सवय झाली आहे. आज त्याला विचारा, तुमच्या कामावर ‘थांबा’ कसं सांगतात? ओरडून सांगत असतील, तर त्याचा दुसरा कान जायच्या आत त्याच्याबरोबर तिथे जा आणि एक दिवा मागा.